उतरायची वाट आधी ठरवा: घनचक्कर, तोरणमाळ आणि हाटू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चौघांच्या गटाचं कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि साल्हेर करून झालं आहे. आता त्यांना गर्दी नसलेली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली शिखरं हवी आहेत. चौघांतले दोघं पक्के सायकलवाले, त्यांना चाकांवर चढता येईल असा डोंगर पाहिजे. हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग शिकायचं आहे, तेही एखाद्या छोट्या शिखराच्या अंगावर जमलं तर उत्तम. आणि एकाच्या वडिलांना, वय साठीच्या पुढे, निदान एक तरी शिखर दाखवायचं आहे.

नावं सांगतोच, पण ती कोणत्या कसोटीवर निवडली ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमची तुम्हाला निवडता येतील. कळसूबाईला रविवारी वाट चुकायचं ठरवलं तरी चुकता येत नाही. पुढे माणसं, मागे माणसं, अवघड जागी शिड्या, मध्ये लिंबू-सरबताचे स्टॉल. फारशा कोणी न केलेल्या शिखरावर यातलं काही नसतं, आणि खरी अडचण चढताना येत नाही, उतरताना येते. चढताना सगळ्या सोंडा (डोंगराच्या उतरत्या धारा) वर जाऊन एकत्र मिळतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी माणूस माथ्यावर पोचतो. उतरताना नेमकं उलट होतं. एकाच माथ्यावरून आठ-दहा सोंडा फुटतात आणि त्यातल्या बहुतेक कड्यावर जाऊन संपतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. म्हणून इथे कडा, मग पदर (मधली सपाट पायरी), मग पुन्हा कडा अशी रचना असते. खालून बघताना हे सगळं दिसतं. वरून फक्त पदर दिसतो, मधला कडा दिसत नाही. संध्याकाळी गावातले दिवे समोर दिसत असताना लोक अडकतात ते यामुळे.

तेव्हा शिखर निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो, उतरणार कुठून? पायी असाल, सायकलवर असाल नाहीतर स्कीवर, हा प्रश्न तिन्हीकडे लागू पडतो.

पायी जायला माझी पहिली शिफारस घनचक्कर. अकोले तालुक्यात, राजूरच्या दक्षिणेला. उंची साधारण १५३० मीटर, म्हणजे कळसूबाई १६४६ आणि साल्हेर १५६७ यांच्या खालोखालच्या मोजक्या शिखरांत त्याची गणना होते. शेजारी जवळपास तेवढ्याच उंचीचा गवळदेव, त्याला मुडा असंही म्हणतात. एवढी उंची असून ही नावं पुण्या-मुंबईत फार ऐकू येत नाहीत. याचं कारण सरळ आहे. घनचक्करला टोकदार माथा नाही, वर ऐसपैस पठार आहे. लांबून फोटोत ते शिखर वाटत नाही, आणि फोटोत न दिसणाऱ्या डोंगरावर गर्दी होत नाही. पण त्या पठारावर उभं राहिलं की कळसूबाईची रांग, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, आजोबा, हरिश्चंद्रगड असं सगळं एका फेरीत बघून होतं. उत्तर सह्याद्रीचा नकाशा डोक्यात बसवायला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

पायथ्याचं गाव शिरपुंजे. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत राजूरला या आणि तिथून गावात. शिरपुंज्याचा भैरवगड प्रसिद्ध आहे. गावातली वाट आधी भैरवगड आणि घनचक्कर यांच्यामधल्या खिंडीत चढते. खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, कारण गावकरी भैरवनाथाला जातात. गडावर कातळात कोरलेली गुहा आणि त्यात भैरवनाथ, पाण्याची टाकी आहेत. आधी गड बघून घ्या आणि मग खिंडीत उतरून घनचक्करची बाजू धरा. खिंडीच्या पुढे मात्र मळलेली वाट संपते. कारवी (उंच, दाट वाढणारं झुडूप) सुरू होते, तिच्यात ढोरवाटांचं जाळं असतं आणि त्यातली प्रत्येक वाट खरी वाटते. शिरपुंज्याच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "ती वाट ढोरांची हाय दादा, पाण्याव जाती, माथ्याव न्हाय जात." म्हणून गावातून माणूस घ्या. योग्य ते पैसे आधी बोलून घ्या, जेवणही त्यांच्याच घरी सांगा. ही माणसं लहानपणापासून गुरांमागे, हिरड्यामागे या रानात फिरलेली असतात. कुठली सोंड खाली उतरते आणि कुठली नुसती उतरल्यासारखी दाखवते, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मोबाइलमधला ट्रॅक जवळ असू द्या, पण तो ज्या कोणी टाकला तो कोणत्या महिन्यात गेला होता ते तपासा. कारवी आणि गवत दोन महिन्यांत वाट बदलून टाकतात.

उतरण्याबद्दल जरा बारकाईने सांगतो, कारण बहुतेक गुडघे आणि घोटे इथेच जातात. डिसेंबरनंतर गवत वाळतं. उभ्या उतारावर ते एका दिशेने आडवं झालं की त्यावर बूट ठेवताच पाय निसटतो, त्याखाली घसारा (सुटी माती-खडी) असेल तर जास्तच. गावातली बाई डोक्यावर मोळी घेऊन हाच उतार कशी उतरते ते बघा. ती समोर तोंड करून धावत नाही. अंग थोडं आडवं, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आखूड, आणि पुढचा पाय घट्ट बसल्याशिवाय मागचा उचलायचा नाही. आधार लागलाच तर कारवीची जुडी बुडाशी धरायची, शेंड्याशी नाही, शेंडा तुटतो. एकच काठी हातात धरून तुम्ही याचा सराव सिंहगडाच्या पायवाटेवरही करू शकता.

वेळेचं गणित करायला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून उपयोगी पडतो. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. सह्याद्रीत मी त्यात एक भर घालतो. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरायचा, कमी नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे घनचक्करच्या पठारावर कितीही रमलात तरी दुपारी एकला पाठ फिरवायची. गवळदेव त्याच दिवशी जोडायचा असेल तर उजाडायच्या आत गाव सोडा, आणि एकपर्यंत गवळदेव झाला नसेल तर तो पुढच्या खेपेला. रांगेवरून पुढे कुमशेत गावाच्या अंगाला उतरता येतं आणि तो आडवा ट्रेक फारच सुंदर आहे, पण तो वाटाड्याबरोबरच, आणि मुक्कामासह.

पाणी प्रत्येकी ४ लिटर. पठारावर पावसाळ्यानंतर काही दिवस डबकी असतात, त्यांच्या भरवशावर जाऊ नका. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात धुक्यामुळे पठारावर दिशाच कळत नाही, आणि पठारावर दिशा गेली की कड्याची कड लागेपर्यंत कळत नाही. मार्चनंतर ऊन आणि वणवे. कपारींमध्ये आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा तर नकोच. मोहोळ उठलंच तर झटापट करत उभं राहायचं नाही, तोंड आणि मान झाकून वाट धरून दूर जायचं. हा बहुतेक प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याची पावती घ्या आणि चूल मांडू नका. घरी आणि गावात, दोन्हीकडे परतीची वेळ लिहून ठेवा. अडचण आलीच तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही यंत्रणा राज्यभरातल्या बचावपथकांना जोडते. तिचा हेल्पलाइन नंबर चौघांच्याही फोनमध्ये असला पाहिजे. पण तिथेही पहिले धावून येतात ते गावकरीच.

बागलाणातही तुमच्यासारख्यांना पुष्कळ आहे. साल्हेर केलात तेव्हा शेजारच्या सालोटा किल्ल्याकडे बघून परत फिरला असाल तर तो राहिला. मांगी-तुंगीच्या रांगेत तांबोळ्या आणि न्हावी रतनगड आहेत, ताहाराबादहून जाता येतं. पण घसारा आणि दृष्टिभय घनचक्करपेक्षा जास्त, म्हणून हे नंतर.

आता सायकलवाले दोघं. सह्याद्रीच्या शिखरांवर सायकल उचलून नेणारे आहेत, मी त्यातला नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. अभयारण्यातल्या पायवाटांवर चाकं घालणं मला पटत नाही, आणि कारवीत सायकल म्हणजे नुसतं ओझं. त्यापेक्षा भंडारदऱ्याच्या जलाशयाची फेरी करा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. सुमारे ४०-४५ किलोमीटर. या फेरीत एका बाजूला कळसूबाईची रांग, घाटघरला थेट कोकणात कोसळणारा कडा, साम्रदला सांदण दरी आणि रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर. पावसाळ्यानंतर रस्ता जागोजागी उखडलेला असतो, म्हणून रुंद टायर बरे. सायकल रतनवाडीत ठेवून रतनगड पायी, असा दोन दिवसांचा बेत चौघांनाही एकत्र जमेल.

पण चाकांवर थेट वर नेणारा डोंगर हवा असेल तर नंदुरबारला जा. सातपुड्यातलं तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरायचं, शहाद्यात मुक्काम, पहाटे म्हसावद, राणीपूर करत वर. सुमारे ५० किलोमीटर, त्यातला पहिला बराच भाग तापीच्या खोऱ्यातला सपाट, आणि शेवटी सातपायरी घाट. पुणेकरांचे खंबाटकी-वरंधा होऊन गेलेले असतात, तोरणमाळचं नावही निघत नाही. हा भाग भिल्ल-पावरा वस्तीचा आहे. पाड्यांवरून जाताना हळू जा, विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. याच डोंगरांत अस्तंभा हे शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याच्या बाजूने हजारो लोक अश्वत्थाम्याच्या यात्रेला तिथे चढतात. एरवी तो डोंगर ओस असतो. सायकलबरोबर एखादा पायी दिवस जोडायचा असेल तर तिथली चौकशी करा, यात्रेचे दिवस सोडून.

घाट चढायला दमसास लागतो, तो तुमच्याकडे असेलच. गिअरचं एवढंच बघा की मागच्या कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) सगळ्यात मोठी चकती पुढच्या, पेडलजवळच्या लहान चेनरिंगएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी हवी. उतरताना मात्र नुसता अनुभव पुरत नाही, ब्रेकची समज लागते. लांब उतारावर ब्रेक हलके दाबून धरून ठेवणं ही सर्वांत वाईट सवय. उष्णता साठत जाते. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड चकाकून धरेनासे होतात. त्यापेक्षा दोन्ही ब्रेक एकत्र जोरात दाबायचे, वेग पाडायचा आणि सोडून द्यायचे, रिमला किंवा डिस्कला वारा लागू द्यायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही. मध्ये एकदा थांबून पॅड किती उरलेत ते बघा. पुण्याहून निघतानाच जादा पॅडची जोडी बॅगेत टाका. ती शंभर ग्रॅमचीही नसते.

राहिलं स्कीइंग. त्यासाठी हिमाचलात जावं लागेल, आणि तिथे सायकल, स्कीइंग आणि वडिलांना शिखर दाखवणं या तिन्ही इच्छा एकाच शिखरावर पुऱ्या होतात. ते शिखर म्हणजे नारकंड्याचं हाटू. सिमल्यापासून हिंदुस्थान-तिबेट रस्त्याने ६०-६५ किलोमीटरवर नारकंडा, उंची सुमारे २७०० मीटर. तिथून ठाणेदारकडे जाणाऱ्या रस्त्याला फाटा फुटतो आणि सात-आठ किलोमीटरमध्ये ३४०० मीटरच्या हाटूवर नेतो. हिशेब करा, ७०० मीटर चढ साडेसात किलोमीटरमध्ये, म्हणजे सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त. सायकलवाल्यांना तोरणमाळनंतरची ही पुढची इयत्ता, आणि हवा विरळ असल्याने ती कागदावर वाटते त्याहून कठीण. रस्ता अरुंद आहे, देवदार-कैलच्या सुया वळणांवर पसरलेल्या असतात आणि त्या ओल्या असल्या की साबणासारख्या. नोव्हेंबरात सावलीतल्या वळणावर सकाळी बर्फाचा पारदर्शक थर असतो, तो डांबरासारखाच दिसतो. तेव्हा सायकल मे-जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात. माथ्यावर हाटूमातेचं लाकडी कोरीवकामाचं मंदिर आहे, जवळच्या मोठ्या दगडांना लोक भीमाची चूल म्हणतात.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडला की तोच रस्ता गाड्यांना बंद होतो आणि चालणाऱ्यांचा, स्कीवाल्यांचा होतो. पण शिकायची सुरुवात हाटूवर करायची नाही. नारकंड्याजवळ धुमरीचे सौम्य उतार आहेत, तिथे प्रशिक्षकाबरोबर चार-पाच दिवस काढा. दोन्ही स्कीची टोकं जवळ आणून पाचरीसारखा आकार करत थांबायला शिका, मग उतारावर आडवं जायला, मग जागेवर वळायला. थांबता येणं आधी, सरकणं मागून. नीट कोर्सच करायचा तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा गुलमर्गची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था बघा. सरकारी संस्थांचे वर्ग लांब मुदतीचे असतात, रजा काढावी लागते, पण शिस्त लागते ती आयुष्यभर पुरते.

थांबणं आणि वळणं हातात, म्हणजे पायात, आलं की पुढच्या हिवाळ्यात हाटूचा रस्ता स्कीवर चढा. स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेले पट्टे चिकटवतात, त्यांना स्किन्स म्हणतात. पुढे सरकता येतं, मागे घसरत नाही. टाच मोकळी राहील असं बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी पकड) लागतं. नऊ टक्के म्हणजे जेमतेम पाच अंशांचा उतार, नवशिक्याला परतताना पेलणारा. हिमस्खलन बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणून रस्ता स्वतः धोक्याचा नाही. तरी चालताना वरच्या अंगाचा उतार बघत चला, आणि नवा बर्फ पडल्यानंतर निदान दोन दिवस वर जाऊ नका. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते वाचून निघा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमस्खलनात सापडली आणि अनेक तरुण मुलं गेली. सोबत अनुभवी प्रशिक्षक होते. बर्फाच्या उताराला तुमचा अनुभव कळत नाही, हे मी माझ्या बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

नारकंड्याला बर्फ दरवर्षी सारखा पडत नाही, तो पश्चिमी विक्षोभावर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेवर अवलंबून. म्हणून हॉटेलचं बुकिंग तारखा बदलता येतील असं करा. बर्फ नसेल तर उत्तराखंडातलं दयारा बुग्याल हा चांगला पर्याय, रैथल किंवा बारसू गावातून चढायचं. वर मोकळी, हलक्या उताराची कुरणं आहेत, पण तिथे लिफ्ट नाही, भाड्याने सामान मिळेल याची खात्री नाही, सगळं पाठीवर न्यावं लागतं. थोडं स्कीइंग येत असेल तरच तिकडे जा.

आता वडील. त्यांनाही हाटूच. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्या, तेव्हा गाडी मंदिराजवळपर्यंत जाते. मात्र सिमल्याहून थेट वर नेऊ नका. पुण्याच्या ५५० मीटरवरून ३४०० वर एका दमात गेलं की डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं, आणि साठीनंतर ते सोसत बसणं बरं नाही. एक रात्र सिमला, एक रात्र नारकंडा, मग सकाळी हाटू, आणि जेवायला परत खाली. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. चालायची हौस असेल तर शेवटचा किलोमीटरभर त्यांना गाडीतून उतरवून रस्त्याने चालत न्या, तुम्ही त्यांच्या मागे राहा आणि वेग त्यांचा असू द्या. डोकं दुखायला लागलं तर मंदिर शंभर पावलांवर असलं तरी गाडीत बसवून खाली आणा. २७०० मीटरवर आलं की बहुतेकांना तासाभरात बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी ठाणेदारच्या बागा दाखवा. तिथली सफरचंदं अमेरिकेहून येऊन कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी रुजवलेल्या जातींची आहेत, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उंचावरच्या बागांत काही झाडांवर ती अजून लगडलेली असतात.